खताची खोळ

आषाढ लागला की वैनगंगेच्या खोऱ्यातील आमच्या बालाघाट जिल्ह्यात धानाच्या रोवणीची एकच धांदल उडते आणि शाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. गेल्या पावसाळ्यात असाच आठवडाभर न आलेला एक विद्यार्थी मान वाकडी धरून परतला. गळपट्टी दूर सारून पाहिले, तो मानेपासून खांद्यापर्यंत कातडी लाल होऊन सोललेली. "गुरुजी, पावसानं झालं," एवढेच तो म्हणाला. अधिक विचारता कळले, की सुपर फॉस्फेटच्या रिकाम्या पोत्याची खोळ पांघरून तो दिवसभर घरच्या बांधीत पऱ्ह्यांच्या पेंढ्या पोचवीत होता.

पाऊस कातडी सोलत नाही. खनिज फॉस्फेटवर गंधकाम्लाची क्रिया करून हे खत बनवितात आणि त्यात थोडे मोकळे फॉस्फरिक आम्ल राहून जाते. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाने त्याला शेकडा ४ ची मर्यादा घातली आहे. पण मर्यादा म्हणजे अभाव नव्हे. कोरड्या हाताला ते फारसे जाणवत नाही. घामाने वा पावसाने ओलावले, की विस्तवासारखा चटका न देता हळूहळू झोंबत राहते, आणि म्हणूनच माणूस हातचे काम थांबवीत नाही. उघड्या पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालांचीही हीच गत. युरियाची जात निराळी. तो टाचांच्या भेगांच्या मलमातही असतो. परंतु चिखल्यांनी फुटलेल्या बोटांच्या बेचक्यांत तो गेला म्हणजे होणारी आग रोवणाऱ्या बायकांनाच विचारावी.

अंगावरची भुकटी आधी झटकावी, भिजलेले कपडे उतरवावेत आणि हापशीच्या धारेखाली निदान वीस मिनिटे अंग धुवावे. डोळ्यात गेले असल्यास पापण्या उघड्या धरून तेवढाच वेळ डोळा धुवावा आणि दवाखाना गाठावा. बांधीतले पाणी उपयोगाचे नाही. खत त्यातच पडलेले असते. हळद-तूपही नको. आम्लावर चुना लावावा, असे एका सुशिक्षित गृहस्थांनी आम्हांस सुचविले. (हे अर्धे ज्ञान आमच्याच वर्गांतून गेले असणार!) चुना स्वतःच कातडी जाळतो.

रविवारी आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. वडिलांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "मग गुरुजी, खोळ कशाची करायची?" बाजारातल्या मेणकापडाला पैसे पडतात, पोते फुकट असते. उत्तर द्यायला आम्हांस क्षणभर थांबावे लागले. तांदळाचे पोते चालेल, सुपरचे नको, असे म्हटले. त्यांनी खुंटीवरची खोळ काढली आणि तिच्यावरची अक्षरे मुलाकडून वाचून घेतली.