लग्न झालेलं नसलं, तरी लेकराचे हक्क असतातच

भिवंडीत यंत्रमागावर कामाला आलेली माणसं टेमघरसारख्या वस्तीत खोली घेतात. काही जोडपी लग्नाशिवाय एकत्र राहतात, मूल होतं. पुढे पुरुष गावी निघून गेला की बाईला सल्ला मिळतो, "आता गप्प बस, तुझं काही चालणार नाही." हा सल्ला चुकीचा आहे आणि त्याची किंमत लेकराला मोजावी लागते.

गैरसमज : बापाचं नाव नसेल तर जन्मदाखला मिळत नाही.
वस्तुस्थिती : मिळतो. अविवाहित आईनं दाखल्यासाठी अर्ज केला, तर तिच्याकडून फक्त प्रतिज्ञापत्र घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली स्पष्ट केलं. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी. लाजेखातर भलत्याच माणसाचं नाव लावू नका; खोटी माहिती देणं गुन्हा आहे.

गैरसमज : लग्न नाही, म्हणजे पोटगी नाही.
वस्तुस्थिती : आईच्या पोटगीचा प्रश्न वेगळा. अनौरस अल्पवयीन मुलाला मात्र बापाकडून पोटगी मागता येते, धर्म कोणताही असो. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं; १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ लागू आहे.

गैरसमज : तो परराज्यात गेला, आता तिकडेच खेटे घालावे लागणार.
वस्तुस्थिती : तो मुलाच्या आईसोबत शेवटचा जिथे राहिला, तिथेही अर्ज चालतो. ती खोली टेमघरची असेल, तर अर्ज भिवंडीच्या न्यायालयात करता येतो. खोलीचा भाडेकरार, दवाखान्याचे कागद, फोटो, पैसे पाठवल्याच्या नोंदी, शेजाऱ्यांची साक्ष हे सगळं जपून ठेवा.

गैरसमज : डीएनए चाचणी मागितली की लगेच होते.
वस्तुस्थिती : न्यायालय खरी गरज पाहूनच आदेश देतं. आदेशानंतरही पुरुष टाळाटाळ करू लागला, तर न्यायालय त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं. माजी मुख्यमंत्री नारायण दत्त तिवारी यांनी अनेक वर्षं नकार दिला. अखेर २०१२ साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानं त्यांचं रक्त घेतलं गेलं आणि पितृत्व सिद्ध झालं.

गैरसमज : पितृत्व सिद्ध झालं, की बापाच्या मिळकतीत वाटा आपोआप मिळतो.
वस्तुस्थिती : तसं नाही. हिंदू कायद्यात रद्दबातल लग्नातून झालेल्या मुलांना आईवडिलांच्या मिळकतीत हक्क आहे. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं तो अधिक स्पष्ट केला. लग्नच झालेलं नसेल, तर वारसा त्या-त्या धर्माच्या कायद्यावर ठरतो आणि वाट अवघड होते. दीर्घकाळ नवराबायकोसारखं राहिल्याचा पुरावा असेल, तर न्यायालय लग्न झाल्याचं गृहीत धरू शकतं. बाप राजी असेल, तर त्यानं वेळीच मृत्युपत्र करून ठेवावं.

गैरसमज : वकिलाला द्यायला पैसे नाहीत, म्हणजे दार बंद.
वस्तुस्थिती : १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा १५१०० वर फोन करावा.

आईबापांनी लग्न केलं नाही यात मुलाचा काहीच दोष नाही. म्हणून आधी दाखला काढा, मग पोटगीचा अर्ज करा. त्यासाठी पुरुषाच्या होकाराची वाट पाहू नका.