तीस जूनला तुमच्याकडे काय होतं?

सकाळी ६.५०. कल्याण, ऑगस्ट २०१९. लोकलच्या लेडीज डब्यात मॅडम कोपऱ्यात उभ्या. पाठीवरच्या सॅकमध्ये ओळखपत्र, कार्यालयाचं पत्र, वही, कॅल्क्युलेटर, डबा. सगळं प्लास्टिकच्या पिशवीत, कारण पाऊस. राष्ट्रीय नमुना पाहणीची ७७वी फेरी चालू आहे. विषय कर्ज आणि मालमत्ता. मॅडम या पाहणीच्या कंत्राटी अन्वेषक. पगार एजन्सीकडून, हातात पंचवीस हजारांच्या आसपास.

८.२०. दादरहून बस. तिकीट ५ रुपये. बेस्टने किमान भाडं गेल्याच महिन्यात आठावरून पाचावर आणलंय. मॅडमना त्याचं फार कौतुक. रोजचे सहा रुपये वाचतात.

८.४५. वरळी, बीडीडी चाळ. १६० चौरस फुटांची खोली, माणसं पाच. काकू पोळ्या लाटता लाटता बोलतात.

"मागच्या वर्षी तीस जूनला तुमच्याकडे काय काय होतं?"

"तीस जूनला? पाऊस होता."

मॅडम हसत नाहीत. हे उत्तर त्यांनी याआधीही ऐकलंय. पाहणीला सगळ्या घरांसाठी एकच तारीख लागते, ३० जून २०१८. म्हणून त्या खुणा देतात. शाळा सुरू झाली होती, गणपती यायचे होते, तेव्हा गाडी होती का? होती, मुलाची बाइक, हप्त्यावर. पोस्टात आरडी? होती. एलआयसी? काकू पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढतात, पासबुकं काढतात. भिशीचे भरलेले हप्ते मात्र काकूंना तोंडपाठ. गावी जमीन? आहे, कणकवलीकडे. सातबाऱ्यावर नऊ नावं. मॅडम गुंठ्यांना नऊने भागतात.

"आणि ही खोली?"

"आमचीच की. सासऱ्यांपासूनची."

खोली सरकारची, काकू भाडेकरू. २०१७ साली पुनर्विकासाचं भूमिपूजन झालं, ५०० फुटांचं घर कबूल झालं. पण तीस जूनला मालकी नव्हती. घराच्या रकान्यात शून्य.

१०.१५. कर्ज. इथे आवाज खाली येतो. पतपेढीचं कर्ज काकू सांगतात. मेहुण्याचे चाळीस हजार नवरा कामावर गेल्याची खात्री करून सांगतात. त्यावर व्याज? "घरातलं आहे हो, व्याज कसलं." मॅडम बिनव्याजी लिहितात. चहा होतो. नको म्हटलं तर पुढच्या भेटीला दार उघडत नाही.

दुपारी १२.४०. पाहणीसाठी निवडलेला दुसरा ब्लॉक, चालत वीस मिनिटांवर. टॉवर. गेटवरच्या वहीत नाव, वेळ, कुणाकडे, सही. वॉचमन इंटरकॉम लावतो. पहिल्या घरी साहेब परदेशात. दुसऱ्या घरून निरोप, नंतर या. पाहणीत अशा घराऐवजी दुसरं घर घेता येतं आणि बदलाचं कारण नोंदवावं लागतं: माहिती देणारा कामात, घरचे बाहेरगावी, सहकार्य नाही. टॉवरमध्ये ही तिन्ही कारणं भरपूर वापरली जातात.

१.३०. बदली घर मिळतं. गृहस्थ सभ्य. पाणी येतं, काचेच्या ग्लासात.

"फ्लॅट तुमच्या नावावर?"

"कंपनीच्या."

"गाडी?"

"तीही कंपनीची."

"शेअर्स?"

"ते सीएला विचारावं लागेल."

सीएचा नंबर मात्र मिळत नाही. घराच्या रकान्यात पुन्हा शून्य. सकाळच्यासारखंच. मुलाखत बावीस मिनिटांत आटोपते. काकूंकडे पावणेदोन तास लागले होते. माहिती देणारा कसा होता, हेही शेवटी नोंदवायचं असतं. मॅडम 'नाखूश' लिहितात. मला ते जरा सौम्य वाटलं.

३.३०. मॅडम बसस्टॉपवर वडापाव खातात. त्याच मिनिटाला दलाल स्ट्रीटवर बाजार बंद होतो. श्रीमंतांच्या याद्या करणारे इथल्या भावांवर चालतात: प्रवर्तकाकडचे शेअर गुणिले भाव. शेअर बाजारात नोंदणी नसलेली कंपनी असेल तर तशाच धंद्यातल्या, बाजारात नोंदलेल्या कंपनीशी ताडून अंदाज. कुणाची बेल वाजवावी लागत नाही. सरकारकडे श्रीमंती मोजायला पूर्वी दोन कागद तरी होते. मृताच्या मालमत्तेवरची इस्टेट ड्युटी १९८५ मध्ये गेली, संपत्तीकर २०१५ च्या अर्थसंकल्पात. उरली ही सॅक.

५.१०. कार्यालय. पर्यवेक्षक काकूंचा फॉर्म तपासतात. जमिनीचा नववा हिस्सा दोनदा मोजून पाहतात. टॉवरच्या फॉर्ममध्ये तपासण्यासारखं फार नाही.

७.०५. परतीची लोकल. बसायला ठाण्यानंतर मिळतं.

या फेरीचा अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये आला. शहरांतल्या वरच्या दहा टक्के घरांकडे ५५.७ टक्के मालमत्ता, खालच्या निम्म्या घरांकडे ६.२ टक्के. पुढे २०२४ मध्ये भारती, चान्सेल, पिकेटी आणि सोमंची यांनी अशा पाहण्यांना श्रीमंतांच्या याद्यांची जोड दिली. तेव्हा २०२२-२३ साठी देशातल्या वरच्या एका टक्क्याचा संपत्तीतला वाटा ४०.१ टक्के निघाला. तुमच्या दारी सॅकवाली बाई आली, तर सीएचा नंबर तेवढा देऊन ठेवा.