लांब गिअर, आखूड गिअर: डिझेल इंजिन बसवलेल्या व्हॅनविषयी काही गैरसमज

फोक्सवॅगनची ‘टी३’ ही व्हॅन १९७९ साली बाजारात आली. अमेरिकेत ती ‘व्हॅनागन’ या नावाने विकली गेली, युरोपातील तिचे उत्पादन १९९० च्या दशकाच्या आरंभी थांबले आणि दक्षिण आफ्रिकेत मात्र ते २००२ पर्यंत चालू राहिले. मागच्या बाजूला इंजिन, खोक्यासारखी चौकोनी बांधणी आणि आत लहानसा संसार मांडता येईल एवढी जागा, यांमुळे ही गाडी अनेकांनी आजही जपून ठेवली आहे. परंतु तिची मूळ इंजिने एक तर थकलेली किंवा मुळातच अशक्त असल्यामुळे त्यांच्या जागी त्याच कंपनीचे १.९ लिटरचे टर्बो डिझेल, म्हणजे ‘टीडीआय’, बसवण्याचा प्रघात पडला. (भारतात नोंदणीपत्राशी विसंगत ठरणारा असा बदल मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ च्या कक्षेत येतो, तेव्हा परिवहन कार्यालयाला बगल देऊन तो करू नये, हे ओघाने आलेच.) इंजिन बसवण्याच्या कामाची चर्चा भरपूर होते, गिअरची फारशी होत नाही, आणि जी होते ती बहुधा चार-पाच ऐकीव समजुतींवर उभी असते.

त्या तपासण्यापूर्वी थोडे गणित आवश्यक आहे. इंजिनाची गती चाकापर्यंत दोन टप्प्यांत बदलत जाते: पहिला टप्पा निवडलेल्या गिअरचा, दुसरा क्राउन-पिनियनचा, म्हणजे डिफरन्शियलमधील त्या शेवटच्या दातेरी जोडीचा, जी या व्हॅनमध्ये गिअरबॉक्सच्याच आवरणात असते. दोन्ही टप्प्यांच्या गुणोत्तरांचा गुणाकार केला की चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाला किती फेरे घ्यावे लागतात ते कळते. हा आकडा मोठा असेल तर गिअरला आखूड म्हणावे, कारण त्यात ओढ जास्त पण पल्ला कमी; आकडा लहान असेल तर लांब. पाण्याने थंड होणाऱ्या पेट्रोल इंजिनाच्या चार गिअरच्या टी३ मध्ये सामान्यतः ३.७८, २.०६, १.२६ आणि ०.८५ ही गुणोत्तरे आणि ४.८३ चे क्राउन-पिनियन आढळते. चौथ्या गिअरचा गुणाकार सुमारे ४.११ होतो, चाकाचा परीघ दोन मीटर धरला, तर ताशी १०० किलोमीटर वेगाला इंजिन मिनिटाला सुमारे ३,४०० फेरे घेते.

सर्वांत रूढ समजूत अशी, की डिझेलला टॉर्क भरपूर असल्याने त्याला कोणताही गिअरबॉक्स चालतो. टॉर्क म्हणजे इंजिन दांड्याला देत असलेला पीळ, आणि तो खरोखरच जास्त आहे: २.१ लिटरच्या पेट्रोल इंजिनाचा सुमारे १६० न्यूटन-मीटर, तर ९० अश्वशक्तीच्या टीडीआयचा २०० च्या थोडा वर, तोही अवघ्या १,९०० फेऱ्यांना. या समजुतीत विसर पडतो तो वरच्या टोकाचा. टीडीआयची कमाल शक्ती ४,००० फेऱ्यांच्या आसपास येते आणि त्यापुढे ते झपाट्याने दमते, तर पेट्रोल इंजिन ४,८०० पर्यंत उत्साहाने फिरते. खालच्या बाजूला १,६०० च्या आत टर्बोचा दाब पुरेसा तयार होत नाही. म्हणजे उपयोगी फेऱ्यांची खिडकी अरुंद आहे आणि जुन्या गिअरबॉक्समध्ये ती प्रत्येक गिअरला लवकर संपते. ४,००० फेऱ्यांना पहिल्यात ताशी २६, दुसऱ्यात ४८, तिसऱ्यात ७९ आणि चौथ्यात ११७ किलोमीटर, एवढाच काय तो पल्ला. सिग्नल सुटल्यावर चौक ओलांडण्याआधी पहिला गिअर संपलेला असतो, आणि महामार्गावर इंजिन सबंध दिवस ज्या सुरात ओरडत राहते त्या सुराची सवय पेट्रोलच्या चालकाला असते, डिझेलच्या नसते.

याच्याच जोडीला ‘डिझेलला डिझेलचाच गिअरबॉक्स’ हा आग्रह आढळतो. कारखान्यातून आलेल्या सुरुवातीच्या डिझेल टी३ मध्ये १.६ लिटरचे, टर्बो नसलेले, जेमतेम ५० अश्वशक्तीचे इंजिन तिरके आडवे करून बसवलेले होते. एवढ्या अशक्त इंजिनाने भरलेली व्हॅन चढ चढावी म्हणून त्याचे गिअर मुद्दाम आखूड ठेवले गेले. त्या व्हॅनचे क्लच-आवरण आणि तेलाचे पात्र टीडीआय बसवताना फार उपयोगी पडतात, म्हणूनच बहुधा गिअरबॉक्सही सोबत घेण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा.

आता सर्वांत लाडकी समजूत: टॉप गिअर जितका लांब, तितके ‘ॲव्हरेज’ चांगले. ही अर्धी खरी आहे, आणि तिचा खरा अर्धा भाग आधी मान्य केला पाहिजे. डिझेल इंजिन २,००० फेऱ्यांच्या आसपास, बऱ्यापैकी ओझ्याखाली असताना इंधनाचा सर्वांत चांगला वापर करते. तेच इंजिन ३,४०० ला हलक्या ओझ्याने फिरवले तर बरीचशी शक्ती आतल्या घर्षणात जाते. चौथ्या गिअरचे गुणोत्तर ०.८५ वरून ०.७० वर आणले की ताशी १०० ला फेरे २,८०० च्या जवळ येतात, आवाज उतरतो आणि इंधनही वाचते. परंतु गिअर बदलल्याने हवेचा विरोध तसूभरही कमी होत नाही. अशी चौकोनी, जड व्हॅन सपाट रस्त्यावर ताशी १०० ने नेण्यास समजा २८ किलोवॅट शक्ती लागते. भरलेल्या गाडीचे वजन दोन टन धरले, तर त्याच वेगाने पाच टक्के चढ चढण्यास, म्हणजे शंभर मीटरमागे पाच मीटर उंची गाठण्यास, आणखी सुमारे २७ किलोवॅट लागतात. ही ५५ किलोवॅटची बेरीज २,८०० फेऱ्यांना टीडीआय ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर कशीबशी पुरवते. समोरून वारा आला, छतावर सामान बांधले, की शिल्लक काहीच उरत नाही. मग चालक एक तर तिसऱ्यात उतरतो, नाहीतर हट्टाने टॉपमध्येच राहतो आणि धुराड्यातून जाणाऱ्या वायूंचे व इंजिनाच्या पाण्याचे तापमान चढत जाते. लांबलचक रेडिएटर नळ्या असलेल्या, मागे इंजिन कोंबलेल्या या गाडीत हा दुसरा पर्याय विशेष महाग पडतो. टॉप गिअर निवडताना सपाट रस्त्यावरचे फेरे मोजण्यापेक्षा, ज्या चढावर तो गिअर टिकावा अशी अपेक्षा आहे त्या चढाचे गणित आधी मांडणे शहाणपणाचे, आणि ते गणित फारसे कोणी मांडत नाही.

‘फक्त चौथा बदलला की झाले’ ही समजूत पैसे वाचवण्याच्या स्वाभाविक इच्छेतून येते, आणि या गिअरबॉक्सची रचना तिला खतपाणी घालते. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरचे दाते मुख्य दांड्यावरच कोरलेले असतात, तिसरा आणि चौथा मात्र स्वतंत्र चक्रे म्हणून बसवलेले असतात, त्यामुळे वरची जोडी तुलनेने सुटसुटीतपणे बदलता येते. अडचण उरते ती दोन गिअरमधल्या दरीची. मूळ गिअरबॉक्समध्ये तिसऱ्यातून ३,००० फेऱ्यांना गिअर बदलला की चौथ्यात इंजिन सुमारे २,००० वर येते, म्हणजे टॉर्कच्या ऐन शिखराजवळ. चौथा ०.७० चा केला तर तेच इंजिन सुमारे १,६७० वर पडते, टर्बोचा जोर सुटतो आणि ताशी ६० च्या आसपास गाडी चढावर गुदमरते. ‘पिकअप’ गेल्याची तक्रार होते आणि दोष बिचाऱ्या इंजिनावर येतो. तिसराही १.१८ च्या जवळपास आणला तर फेरे १,७८० च्या आसपास राहतात. दरी अर्थातच नाहीशी होत नाही, ती दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये सरकते, पण तिथे वेग कमी, वाऱ्याचा विरोध किरकोळ, म्हणून ती सोसते. दोन्ही गिअर एकदम बदलण्याचा खर्च त्यामुळे रास्त ठरतो, कारण गिअरबॉक्स उतरवून खोलण्याची मजुरी एक गिअर बदला किंवा दोन, जवळजवळ तेवढीच असते.

इंजिन हळू फिरले म्हणजे गिअरबॉक्सलाही आराम, असेही मानले जाते. शक्ती म्हणजे पीळ आणि फेरे यांचा गुणाकार. शक्ती तेवढीच ठेवून फेरे कमी केले तर पीळ वाढलाच पाहिजे. वर धरलेले २८ किलोवॅट ३,४०० फेऱ्यांना सुमारे ७८ न्यूटन-मीटर पीळ मागतात, २,८०० ला सुमारे ९५. म्हणजे लांब गिअर घेतल्यावर चौथ्या गिअरचे दाते आणि त्यामागची बेअरिंगे, ज्यांच्यावर महामार्गाचे बहुतेक तास जातात, अधिक ओझे वाहू लागतात. मूळ गिअरबॉक्स १६० न्यूटन-मीटरच्या इंजिनासाठी घडलेला आहे. त्यात संगणकीय प्रणाली बदलून टीडीआयचा टॉर्क आणखी वाढवला आणि खालच्या फेऱ्यांतच ॲक्सिलरेटर तळाला लावण्याची सवय जडली, तर तिसऱ्या-चौथ्याला जोडणारा मधला हब आधी बोलू लागतो. गिअरबॉक्स खोललेलाच असताना तो तपासून घ्यावा आणि तेल तापते किती यावर पुढे लक्ष ठेवावे.

उरतात दोन सोपे उपाय, क्राउन-पिनियन आणि टायर. दोन्ही सगळे गिअर एकाच प्रमाणात लांब करतात. पहिला गिअर थोडा लांब झाल्याने टीडीआयला फायदाच होतो. रिव्हर्सही तेवढाच लांबतो, आणि भरलेली व्हॅन चढावर मागे घेताना क्लचचा जळका वास येऊ लागतो. मोठ्या टायरचा आणखी एक तोटा आहे. या व्हॅनचे स्पीडोमीटर गिअरबॉक्सवर चालत नाही. त्याची केबल पुढच्या डाव्या चाकाच्या हबमधून निघते. त्यामुळे गिअर कितीही बदलले तरी काटा पूर्वीइतकाच खरे सांगतो. टायर मात्र दहा टक्के मोठे घातले, तर काटा ९० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ९९ ने धावत असते.