शोधयंत्रातले तण

पावसाळ्यात कपाशीबरोबर तणही वाढते, हे अकोल्याकडच्या मुलांना सांगायला नको. इंटरनेटवरही तेच होते. शेतकऱ्यांना सौरपंप देणारी 'पीएम-कुसुम' योजना केंद्र सरकारने 2019 साली सुरू केली आणि लवकरच तिच्या नावाची बनावट संकेतस्थळे निघाली. ती नोंदणीसाठी म्हणून पैसे मागत. 2020 मध्ये नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला लोकांना सावध करावे लागले. आता अमरावतीचा एखादा संत्रा-बागाईतदार 'सौरपंप अर्ज' असे शोधतो, तेव्हा दहा पानांतले खरे कोणते हे शोधयंत्राने कसे ठरवावे?

आरंभीची यंत्रे शब्द मोजत. मग काय, लबाडांनी तोच शब्द शंभरदा, पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत लिहिला! वाचकाला दिसत नाही, यंत्र मात्र मोजते. 1998 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी निराळी कसोटी मांडली. ज्या पानाकडे इतर पाने दुव्याने बोट दाखवतात ते वजनदार, आणि वजनदार पानाचे बोट अधिक मोलाचे. यावरही तोड निघाली. हजारो पोकळ पाने एकमेकांकडे बोट दाखवू लागली.

2004 मध्ये स्टॅनफर्ड व याहू येथील संशोधकांनी सुचवलेला उपाय आम्हांला फार आवडतो. चांगली पाने लबाड पानांचा दुवा सहसा देत नाहीत, एवढेच त्यांनी गृहीत धरले. माणसांनी तपासून मोजकी खात्रीची स्थळे निवडायची, हे 'बियाणे'. तिथून विश्वास दुव्यांच्या वाटेने पुढे जातो आणि दर टप्प्याला घटतो, जसे पाटाचे पाणी शेवटच्या सरीपर्यंत कमी होत जाते. लबाड पाने आपसांत कितीही पाट खोदोत, त्यांत पाणीच येत नाही. सुमारे 3 कोटी स्थळांवरील त्या प्रयोगात बियाणे होते अवघे 178!

अर्थात लबाडही स्वस्थ बसले नाहीत. चांगल्या स्थळाचे नाव मालकाने सोडून दिले की ते विकत घेऊन त्याच्या पुण्याईवर पोट भरणारे आहेतच.

असे बियाणे तुमच्याजवळही आहे. पत्ता पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपर्यंत घ्या आणि त्याचा शेवट पाहा. 'डॉट जीओव्ही डॉट इन' हा शेवट भारतात सरकारी संस्थांनाच मिळतो. 'डॉट कॉम'ने संपणाऱ्या पत्त्यात मध्येच 'जीओव्ही' घालायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. मंत्रालयाच्या स्थळावरून दुव्यादुव्याने निघालात, तर योजनेच्या खऱ्या पानावर पोचाल. आणि उत्तरांच्या यादीत वर बारीक अक्षरांत 'प्रायोजित' लिहिले असेल, तर ती जागा पैसे मोजून घेतलेली असते.