आधी घट्ट, मग जलद

इंग्रजीतल्या 'फास्ट'चा 'जलद' हा अर्थ इतका रुळला आहे, की 'फास्ट अस्लीप' म्हणजे पटकन झोपलेला असे अनेकांना वाटते. खरा अर्थ आहे गाढ झोपलेला. जुन्या इंग्रजीत (साधारण ११०० सालापर्यंतची इंग्रजी) हा शब्द 'घट्ट, पक्का' अशा अर्थाचा होता. धुऊनही न जाणारा रंग 'कलरफास्ट' ठरतो तो त्यामुळेच. उपवासाचा 'फास्ट'सुद्धा त्याच मुळाचा : नेम घट्ट धरणे. 'ब्रेकफास्ट'मध्ये रात्रीचा तोच उपवास सुटतो.

मग वेग कुठून आला? आपण 'जोरात पळ' म्हणतो, तेव्हा ताकदीच्या शब्दानेच वेग सांगतो. तिथेही तसेच घडले. नेटाने धावणे बोलता बोलता जलद धावणे झाले. शब्दाचा हा प्रवास मला फार लोभस वाटतो.