जुन्या ट्रॅक्टरचा जीर्णोद्धार : कावेरीकाठची काटकसर

कुंभकोणम् शहराच्या पूर्वेस सुमारे ६ किलोमीटरांवर तिरुनागेश्वरम् हे गाव आहे. मराठी वाचकास हा मुलूख अगदीच परका नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तंजावरास भोसल्यांची गादी होती. गाव राहूच्या देवस्थानासाठी प्रसिद्ध असले, तरी भोवतालचे जीवन चालते ते भातावर. कावेरी येथे अनेक फाट्यांनी विभागून वाहते. १९३४ साली पुऱ्या झालेल्या मेट्टूर धरणातून १२ जूनला कालव्यांत पाणी सोडण्याचा प्रघात आहे. धरणात पुरेसा साठा नसला, तर ही तारीख चुकतेही. पाणी आले की ‘कुरुवै’ हंगामाची चिखलणी सुरू होते, आणि तीस दिवसांचा अवधी फार थोडा असतो. त्या काळात ट्रॅक्टर बंद पडला, तर शेतकऱ्यास भाड्याच्या यंत्राची वाट पाहत बसावे लागते व रोपे वाफ्यातच जून होतात.

जुना ट्रॅक्टर विकत घेऊन तो थोड्या पैशांत दुरुस्त करावा, हा विचार म्हणूनच या भागात स्वाभाविक ठरतो. तंजावर जिल्हा १९६० च्या सुमारास सघन शेती कार्यक्रमासाठी देशात प्रथम निवडलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. त्याच वर्षी मद्रास येथे ‘टॅफे’ ही कंपनी मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने स्थापन झाली. तिच्या ३५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टराची मूळ रचना इतकी वर्षे टिकून राहिली, की जुन्या यंत्राचे कितीतरी सुटे भाग आजही दुकानांत मिळतात. आपल्याकडे महिंद्राच्या बी-२७५ या ट्रॅक्टराबद्दल जी आपुलकी आढळते, तशीच तिकडे मॅसीबद्दल आहे. या यंत्रांत विद्युत्कण-नियंत्रणाची भानगड नाही. पाने, हातोडी, मोजमापाची साधने आणि लेथवाला एवढ्यावर बहुतेक काम निभावते.

परंतु भाताच्या मुलखातला ट्रॅक्टर कोरडवाहू मुलखातल्या ट्रॅक्टरासारखा म्हातारा होत नाही. येथे त्याला झीज थोडी मारते, पाणी अधिक मारते. चिखलणीच्या वेळी मागील चाकांना लोखंडी पिंजऱ्याची चाके जोडतात आणि यंत्र तासन्‌तास आसापर्यंत चिखलात फिरते. म्हणून येथे पैसा प्रथम खर्चावा तो पाणी बाहेर ठेवण्यावर. रंग, दिवे, बैठक यांची पाळी मागाहून.

सौदा करण्यापूर्वी ओतीव भाग पाहावेत. फर्ग्युसन पद्धतीच्या ट्रॅक्टरास निराळी चौकट नसते. इंजिन, गिअरपेटी आणि मागचा आस यांची ओतीव कवचे एकमेकांस बोल्टांनी जोडलेली असतात व सारा भार तीच पेलतात. या कवचाला तडा गेला असेल, तर बिडावरील वेल्डिंगचा भरवसा धरता येत नाही. तेलकट मळ घासून काढून, रॉकेलने पुसून, बोल्टांच्या भोवती बारकाईने पाहावे. तडा सापडला, तर तो ट्रॅक्टर स्वस्तातही महाग आहे.

नंतर मागच्या पेटीतील तेल. मॅसी ३५ सारख्या यंत्रांत गिअर, डिफरन्शियल आणि अवजार उचलणारा हायड्रॉलिक पंप ही तिन्ही एकाच तेलात काम करतात. यंत्र रात्रभर उभे ठेवावे. पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते तळाशी बसते. सकाळी तळचे बूच हळूच सैल केले, की पाणी असल्यास प्रथम पाणीच ठिबकू लागते. तेल आणि पाणी घुसळून एकजीव झाले असतील, तर दुधासारखा पांढुरका द्रव बाहेर येतो. तिरुनागेश्वरम्‌च्या मंदिरात राहूच्या मूर्तीवरून ओघळणारे अभिषेकाचे दूध निळे दिसते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. गिअरपेटीतून दूध निघाले, तर मात्र मेकॅनिकच निळा पडतो. असे तेल दंतचक्रांमध्ये टिकाऊ पापुद्रा धरत नाही, बेअरिंगांवर गंज चढतो, आणि पंपाच्या झडपा अडकतात. केवळ तेल बदलून हा दोष जात नाही. पाणी कोठून शिरले, ते शोधावयास हवे.

बहुधा ते आसाच्या टोकाशी असलेल्या ऑइल सीलमधून शिरते. सील म्हणजे रबरी ओठाचे एक कडे. त्याची किंमत बेअरिंगच्या मानाने अगदी किरकोळ. तथापि नुसते नवे सील बसवून काम संपत नाही. जुन्या सीलच्या ओठाने, वाळूच्या कणांच्या साहाय्याने, पोलादी आसावर बारीक खाच पाडलेली असते. नखाने चाचपली तर ती कळते. त्या खाचेवर बसविलेले नवे सील पहिल्याच हंगामात गळू लागते. यावर उपाय दोन : सील किंचित आत-बाहेर सरकवून ओठ कोऱ्या जागेवर टेकेल असे करणे, किंवा आसावर पातळ पोलादी बाही चढविणे. आस उघडलाच आहे, तर बेअरिंग व ब्रेकही त्याच वेळी पाहून घ्यावेत. जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. तेथील धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

इंजिनाविषयी लोक फार घाबरतात आणि घाईने ते पूर्ण उघडतात. डिझेल इंजिन आपली प्रकृती धुरावाटे सांगत असते. निळा धूर म्हणजे तेल जळत आहे, म्हणजे रिंगा किंवा झडपांच्या मार्गिका झिजल्या आहेत. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त; पुष्कळदा हवेचा फिल्टर तुंबलेला असतो. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येतच राहिला, तर इंधन पुरते जळत नाही अथवा पाणी आत येत आहे. यंत्र वर्षानुवर्षे उभे राहून जाम झाले असेल, तर दुसऱ्या ट्रॅक्टराने ओढून सुरू करण्याचा मोह टाळावा. गंजलेल्या रिंगा सिलिंडरास चिकटलेल्या असतात. ओढल्यास रिंग तुटते किंवा कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल काढून सिलिंडरात डिझेल व तेलाचे मिश्रण ओतावे, काही दिवस मुरू द्यावे, मग क्रँक हाताने मागेपुढे हळूहळू हलवावा. येथे पैसा नव्हे, धीर खर्च होतो.

इंधनपंपास मात्र घरी हात लावू नये. या पिढीतील बऱ्याच ट्रॅक्टरांवरील वितरक पंपास वंगण मिळते ते खुद्द डिझेलचेच. त्याच्या भागांतील फट केसाहून कितीतरी अरुंद असते. डिझेलमध्ये पाणी आले, की वंगण गेले. टाकी धुणे, गाळाची वाटी साफ करणे, फिल्टर बदलणे आणि नळ्यांतील हवा काढणे एवढेच घरी करावे. नोझलच्या फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नये. ती धार कातडी भेदून आत जाते.

क्रँकशाफ्ट झिजला असेल, तर तो मायक्रोमीटरने मोजून घासून घेता येतो व त्या मापाचे बेअरिंग मिळतात. मेकॅनिक ‘दहा थाऊ’ म्हणतो, म्हणजे इंचाचा शंभरावा भाग, सुमारे पाव मिलिमीटर. मोजल्यावाचून घासू देऊ नये. टायरांवर सर्वांत जास्त रक्कम जाते. पण बांधावरून शेतात एवढाच प्रवास असेल, तर भेगा नसलेले जुने टायर एखादा हंगाम चालतात.

एका धोक्याची सूचना येथेच द्यावयास हवी, कारण जुन्या ट्रॅक्टरांवर चालकास वाचविणारी पोलादी कमान बहुधा नसते. मागची चाके चिखलात रुतली, की कित्येकजण त्यांना लाकडाचा ओंडका बांधतात. चाक अडले आणि इंजिनाचा जोर चालूच राहिला, तर चाकाऐवजी सबंध ट्रॅक्टरच आसाभोवती फिरतो व क्षणार्धात मागे उलटतो. रुतलेले यंत्र दुसऱ्या यंत्राने, आसाच्या खालच्या पातळीवर साखळी बांधून ओढावे.

दुरुस्त केलेले इंजिन आरंभी अर्ध्या भाराने चालवावे आणि सुमारे ५० तासांनी त्याचे तेल बदलावे. हे तास मे महिन्यात, कोरड्या नांगरटीतच पुरे करून घ्यावेत. मग कालव्यास पाणी आल्यावर पहिल्या दिवसाची चिखलणी संपली, की यंत्र रात्रभर उभे ठेवून दुसऱ्या सकाळी मागच्या पेटीचे बूच पुन्हा एकदा सैल करून पाहावे.