नभोवाणी ध्वनिदुवा, पर्यायी बिनतारी

नभोवाणी केंद्राच्या स्टुडिओतील ध्वनिसंदेश दूरच्या प्रेषकापर्यंत नेणारा मुख्य मार्ग खंडित झाल्यास त्याची जागा घेणारी, रेडिओ तरंगांवर चालणारी दुय्यम यंत्रणा. स्टुडिओ लोकवस्तीत असणे सोयीचे असते. उलट, मध्यम तरंग प्रेषकाच्या मनोऱ्यास व त्याखाली पुरलेल्या तारांच्या जाळ्यास विस्तीर्ण मोकळी जागा लागते, तर कंप्रता-विरूपित (एफएम) प्रक्षेपणाचा आकाशक शक्य तितक्या उंच स्थळी असावा लागतो. मुंबई आकाशवाणीचे स्टुडिओ चर्चगेटजवळ व मध्यम तरंग प्रेषक मालाड भागात, हे याचे परिचित उदाहरण होय. वादळात, पुरात किंवा रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली की, प्रेषक सुस्थितीत असूनही केंद्र मुके होते. आणि असे प्रसंग बहुधा श्रोत्यांना सूचनांची सर्वाधिक गरज असतानाच येतात.

सुरुवातीस या कामी टेलिफोनच्या तारा भाड्याने घेत. साध्या दूरध्वनी मार्गातून ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ कंप्रतांचाच ध्वनी जातो. तो संभाषणास पुरतो. पण एफएम प्रक्षेपणास १५,००० हर्ट्‌झपर्यंतचा ध्वनी लागतो. अमेरिकेत यांकी नेटवर्क या संस्थेने १९३९ च्या सुमारास बॉस्टनमधील स्टुडिओचे कार्यक्रम पॅक्सटन येथील एफएम प्रेषकापर्यंत रेडिओ दुव्यानेच नेले होते. पुढे सूक्ष्मतरंग दुवे रूढ झाले. मात्र त्यांची सामग्री महाग व कंप्रतेसाठी परवाना आवश्यक. त्यामुळे असा दुसरा संच राखून ठेवणे लहान केंद्रांना परवडत नसे.

संगणकांच्या बिनतारी जोडणीसाठी मोठ्या प्रमाणावर बनू लागलेल्या सामग्रीने ही अडचण पुष्कळशी दूर केली. भारतात २,४०० मेगॅहर्ट्‌झलगतचा पट्टा २००५ मध्ये व ५,७२५ ते ५,८७५ मेगॅहर्ट्‌झ हा पट्टा २०१८ मध्ये, शक्तीच्या ठराविक मर्यादेत, परवान्यातून मुक्त करण्यात आला. या सवलतीबरोबर संरक्षण मात्र मिळत नाही. शेजारच्या इमारतीवर कोणी तसेच यंत्र लावून व्यत्यय आणला, तर तक्रारीस जागा नसते. मुख्य दुवा म्हणून या पट्ट्यांवर विसंबणे त्यामुळे शहाणपणाचे नाही. पर्याय म्हणून ते उत्तम होत.

ध्वनीचे प्रथम अंकीय रूपांतर करतात. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येकी १६ द्विमान अंक आणि दोन मार्ग असे धरल्यास सेकंदाला १५.३६ लाख द्विमान अंक होतात. ओपस (२०१२) यासारख्या मुक्त संकेतन पद्धतीने ते सु. १.२८ लाखांवर आणता येतात व गुणवत्तेत सहसा जाणवण्याजोगा फरक पडत नाही. हे काम लहान एकपट्टी संगणकही करू शकतो. अंकांचे गट वाटेत मागेपुढे पोहोचतात, म्हणून ग्राहीकडे ते क्षणभर साठवून मग क्रमाने ध्वनीत उलटविले जातात. साठवण फार कमी ठेवल्यास ध्वनी तुटतो आणि फार वाढविल्यास स्टुडिओ व प्रक्षेपण यांत अंतर पडते.

मार्गाचा हिशोब आधीच मांडावा लागतो. समजा, अंतर ५ किमी. व कंप्रता ५,८०० मेगॅहर्ट्‌झ आहे. मोकळ्या अवकाशातील क्षीणन सु. १२२ डेसिबेल भरते. २० मिलिवॉट प्रेषकाला २३ डेसिबेल लाभाचा तबकडी आकाशक जोडल्यास आकाशकाच्या दिशेने ४ वॉट इतका परिणाम मिळतो. समोर तसाच आकाशक असल्यास ग्राहीस १ मिलिवॉटच्या ६३ डेसिबेल खाली संदेश मिळतो. कमी वेगाने चालणारे ग्राही सु. ९० डेसिबेल खालीही काम करीत असल्याने २७ डेसिबेल शिल्लक राहतात. दृष्टिरेषा नुसती मोकळी असून भागत नाही. फ्रेनेल विभागाची त्रिज्या या मार्गाच्या मध्यावर सु. ८ मी. असते व तिचा किमान ६० टक्के भाग, म्हणजे जवळपास ५ मी., अडथळ्यांपासून मुक्त लागतो. पाऊस या कंप्रतेला फारसा बाधत नाही. ओली पाने बाधतात. पानगळीनंतर उन्हाळ्यात निर्दोष ठरलेला दुवा श्रावणात मंदावतो तो यामुळेच.

तथापि पर्यायाचे खरे मोल त्याच्या स्वतंत्रपणात आहे. दोन्ही दुवे एकाच मनोऱ्यावर, एकाच वीजजोडणीवर व एकाच जाळे-पेटीतून चालत असतील, तर एकाच विजेच्या लोळाने दोन्ही जातात आणि केलेला खर्च व्यर्थ ठरतो. शक्यतो निराळा खांब, निराळी भूसंपर्क तार आणि घटमालेवरील वीजपुरवठा असावा. हा भाग सामग्रीपेक्षा स्वस्त असतो. तरी काटकसर नेमकी येथेच होते.

मुख्य मार्ग निःशब्द झाल्याचे ओळखून बदल घडविणारे साधन प्रेषकाकडे बसवितात. त्याची मुदत, उदा., १५ सेकंद, कार्यक्रमाचे स्वरूप पाहून ठरवावी. अन्यथा नाटकातील दीर्घ विरामही त्याला बिघाड वाटतो. मुख्य तार तुटली असता तिच्यावरून केवळ खरखर येत राहिली, तर साध्या शांतता-दर्शकाला ती ध्वनीच वाटते व बदल होत नाही. म्हणून प्रेषकाकडील कर्मचाऱ्यास, किंवा दूरध्वनीवरून स्टुडिओस, हाताने बदल करण्याची सोय ठेवतात आणि आठवड्यातून एकदा काही मिनिटे प्रत्यक्ष कार्यक्रम पर्यायी दुव्यावरून पाठवून पाहतात.